विहिरीत सोडलेली घागर

बसा. कंदील तुमच्या बाजूला ठेवतो, मला अंधाराची सवय झाली आहे. यंत्र ताब्यात घ्यायला तुम्ही आलात हे बरं झालं. ते घेऊन जा असं मीच मुंबईच्या वेधशाळेला कळवलं होतं. पण ते अजून विहिरीत खालीच आहे. वर काढायला उद्या कोणी उतरायचं, ते माझं ऐकून झाल्यावर ठरवू.

सुरुवात अगदी साधी झाली. चैत्र निम्मा सरला होता आणि मी रॉकेल आणायला यावलला गेलो होतो. रॉकेल दिव्यासाठी लागतंच, पण मला जास्त लागायचं ते काजळीसाठी. तुम्हाला माहीत आहे, यंत्राच्या फिरत्या रुळावर गुंडाळायचा कागद आधी धुरावर काळा करावा लागतो, मग सुई त्यावर पांढरी रेघ ओढते. दुकानदार दर वेळी विचारायचा, "एवढं रॉकेल? रातभर वाचतात काय?" मी म्हणायचो, समुद्र ऐकतो. तो हसायचा आणि माप थोडं जास्तच घालायचा. वेड्याला देतात तसं.

खरं तर त्यात वेडं काही नव्हतं. स्कॉटलंडमध्ये चार वर्षं मी हेच शिकलो. भर समुद्रात वादळ उठलं की लाटांचा दाब तळावर पडतो, तळाखालचा खडक थरथरतो आणि ती थरथर शेकडो मैल आत, जमिनीच्या पोटातून पोचते. पायाला ती कळत नाही. पण कातळावर ठेवलेल्या यंत्रातल्या लोंबत्या वजनाला कळते. वादळ किनाऱ्याला लागायच्या आधी ते आपल्याला कळू शकतं! दर वैशाखात आपली किती गलबतं जातात आणि येत नाहीत. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली होती. मला वाटायचं, कोकणातल्या, सौराष्ट्रातल्या खलाशाला वेळेवर एक तार मिळाली, तर माझं शिकणं सार्थकी लागलं. किनाऱ्यावर हे यंत्र चालत नाही, तिथे लाटांचा गोंगाट फार. दूर, शांत, घट्ट खडकाची जागा हवी. म्हणून मी माझ्याच मुलखात परत आलो. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागा संपतात त्याच्याही पलीकडे, तोताराम आबांच्या या कोरड्या विहिरीवर.

विहीर साठेक हात खोल आहे, काळ्या पाषाणात खणलेली. पाण्याचा थेंब लागला नाही. तळाशी यंत्र बसवलं, तार वर आणली आणि ही खोपी बांधून तिच्यात रूळ आणि सुई ठेवली. गावात मला 'समुंदरवाले भाऊ' नाव पडलं. आबा सकाळी शेतावर जाताना काठी टेकून उभे राहायचे.

"काय भाऊ, आज भरती का ओहोटी?"

"शांत आहे, आबा."

"मंग सोडतो गळ विहिरीत. घावला मासा त कालवण तुमाले, काटे मले."

स्वतःच हसायचे आणि जायचे. दिवसभरात माणसाचा आवाज ऐकू यायचा तो एवढाच. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपार कशी असते तुम्हाला ठाऊक नसेल. मोट नाही, गाडी नाही, झाडावर कावळासुद्धा गप्प. घरांची दारं बंद. रात्रीपेक्षाही ती वेळ जास्त सामसूम. यंत्राला तीच वेळ सगळ्यात चांगली, म्हणून मी दुपारी जागा राहायचो. मी, पंखा म्हणून एक केळीचं पान, आणि सुईची खरखर. परदेशात एकटं वाटायचं तेव्हा घराची आठवण यायची. इथे एकटं वाटलं तर कसली आठवण काढावी ते कळायचं नाही.

अशाच एका दुपारी खोपीच्या दारात बेबाबाई येऊन उभ्या राहिल्या. आबांच्या सूनबाई. वय माझ्याएवढंच असेल. पाय भाजत होते म्हणून एकदा हा, एकदा तो पाय उचलत होत्या, पण आत येत नव्हत्या.

"भाऊ, हे यंतर समुंदर आयकते, खरं हाये?"

"हो, वहिनी."

"बठ्ठा समुंदर?"

सगळा नाही, म्हणत मी समजावून सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"मंग आमचे हे कुठी हायेत, ते आयकून सांगजा."

त्यांचा नवरा पितांबर. ही विहीर त्यानेच बापाबरोबर खणली होती. पाणी लागलं नाही, तेव्हा तो मुंबईला गेला आणि एका गलबतावर खलाशी म्हणून लागला. खान्देशातला माणूस, ज्याने तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात ते गलबत निघालं, ते कुठल्याच बंदरात लागलं नाही. कोणाचं प्रेत मिळालं नाही, फळीसुद्धा नाही.

आता आखाजी जवळ आली होती. तुम्ही पुण्याकडचे, म्हणून सांगतो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, वर आंबा, खरबूज, आणि निखाऱ्यावर घास. ते पाणी त्याला पोचतं. ज्याच्या नावाने घागर भरली तो गेला, हे घराने कबूल केलं. आबांनी दोन आखाज्या वाट पाहिली होती. या वर्षी ते घागर भरणार होते. म्हणजे आखाजीच्या सकाळपासून बेबाबाई विधवा.

"जित्त्या माणसाच्या नावानं घागर भरत नसतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "भरली त त्याले तिच्यावर यावं लागते. असंल तठून. मंग तो जसा येईन तसा येईन..."

मी सांगितलं की माझं यंत्र लाटा ऐकतं, माणसं ऐकत नाही. त्या मान हलवून गेल्या. त्यांच्या पायांचे ठसे धुळीत बराच वेळ दिसत होते.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी सुईने पहिल्यांदा ते काढलं.

समुद्राची रेघ कशी असते, गोल, संथ, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी वरखाली होणारी. त्या दुपारी त्या रेघेवर बारीक काटे उमटायला लागले. दोन काटे, मग मोकळी जागा. पुन्हा दोन काटे, पुन्हा मोकळी जागा. मला वाटलं कुठे दगड फोडत असतील. बाहेर जाऊन पाहिलं. डोळे दिपवणारं ऊन आणि क्षितिजापर्यंत कोणी नाही. आत आलो. दोन काटे. मोकळी जागा.

दुसऱ्या दुपारी तेच, थोडं ठळक. मी तारा तपासल्या, बॅटरी बदलली, सुईचं टोक घासलं. काटे येतच राहिले. मला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. मला राग आला होता. एवढ्या आशेने आणलेलं यंत्र बिघडलं म्हणून.

मी वाकून कागद पाहत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"हे तं ते हायेत."

बेबाबाई या वेळी आत आल्या होत्या. सुईकडे पाहत होत्या आणि ओठ हलत होते.

"दोन घाव टाकतील, मंग पहार टेकून दम घेतील. दोन घाव, मंग दम. मामंजी वरडायचे, तीन घाल रे, तीन घाल. पन ते दोनच घालत. मी वरून भाकर घेऊन यायची ना... तोंड नही दिसायचं, एवढं खोल. घाव आयकूनच समजायचं, हे हायेत का मजूर हाये."

त्या दिवसापासून त्या रोज दुपारी यायच्या आणि रुळासमोर बसायच्या. मी नको म्हणू शकलो नाही. खरं सांगायचं तर दुपारी कोणीतरी शेजारी बसलेलं मला बरं वाटायचं. त्या चक्क खुशीत असायच्या. एकदा डोक्याला तेल लावून आल्या होत्या. "जोरात हाय आज," म्हणायच्या. आणि खरंच, काटे रोज वाढत होते. मी शिकलेला माणूस. काटा वाढला याचे अर्थ दोनच. घाव मोठा झाला, किंवा जवळ आला.

शेवटी मी विहिरीत उतरलो. भर दुपारी, भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत. अर्ध्यावर ऊन संपलं. आणखी खाली गेलो तसा गारवा लागला, आणि वास आला. कोरड्या विहिरीला मातीचा वास येतो, वटवाघळांचा येतो. हा वास मी ओळखला, आणि ओळखला म्हणूनच हात खोबणीत घट्ट झाले. स्कॉटलंडच्या बंदरातल्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी यायचा तो. मीठ, कुजलेलं शेवाळ, ओलं लाकूड. हात फिरवला. दगड खडखडीत कोरडा होता.

मी यंत्र कातळावरून उचललं आणि छातीशी धरलं. आता त्याला खडकाचं काही कळायला नको होतं. सुईने वेडीवाकडी धावायला हवं होतं. वर ओरडून विचारलं, "वहिनी, सुई काय करते?"

खूप वेळाने वरून उत्तर आलं, बारीक, विहिरीच्या गोल तोंडातून.

"तशीच हाये, भाऊ... दोन, न् दम."

मी यंत्र खाली ठेवलं. जाताजाता कातळाला तळहात लावला. लावायला नको होता. पायाला कळत नाही असं मी मघाशी म्हणालो ना? हाताला कळलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी आबा आले. सुनेला खोपीत पाहून दारातच थांबले. बेबाबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. त्यामुळे दोघंही माझ्याशी बोलू लागले, आणि मी मध्ये.

"भाऊ, मामंजीले सांगजा. ते जित्ते हायेत. आपल्या विहिरीखाली घाव चालू हायेत त्यायचे."

"भाऊ, तिले म्हना, मी बी आयकलं. काल रातच्याले विहिरीच्या काठाले कान लावून पडलो होतो मी." आबांच्या आवाजात रोजची थट्टा नव्हती. "मायाच पोराचा घाव हाय. मी कवा नही म्हनलो?"

"मंग घागर काहून भरतात, इचारा."

आबा काठीने माती उकरत राहिले.

"जित्ता मानूस सडकेनं येते, व माय," ते म्हणाले. ते माझ्याकडे पाहतच म्हणाले, पण मला नाही. "जित्ता मानूस यष्टीतून उतरते, पाय धुते, चहा मांगते. जमिनीखालून येत नही. समुंदरात मेला तो. चहूकडे पानी, अन् घोटभर प्यायले नही. तहानेला मेला माहा पोरगा. अन् मी बाप, तीन वरीस त्याले पानी नही दिलं."

बेबाबाईंचे खांदे हलत होते. मग आबा खरंच मला म्हणाले. "तुमी शिकलेले. तुमीच सांगा आता. जित्ता का मेला? तुमी म्हनसान तसं करतो मी."

सुई खरखरत होती. मी त्या रेघेकडे पाहिलं. वादळ कुठे आहे, किती मोठं आहे, कुठे चाललं आहे, हे मी त्या रेघेवरून सांगू शकलो असतो.

"आबा," मी म्हणालो, "यात ते दिसत नाही."

"मंग उद्या घागर," आबा म्हणाले आणि निघून गेले.

आखाजीच्या दिवशी गावात झोके बांधले होते. माहेरी आलेल्या मुलींची गाणी वाऱ्यावर इथपर्यंत येत होती, मध्येच तुटत होती. दुपार चढली आणि गाणीही थांबली. तेव्हा पायवाटेने बेबाबाई येताना दिसल्या. डोक्यावर पाण्याने भरलेली नवी लाल घागर. मागे, काठी टाकून धावत, आबा.

"अशुभ करू ऱ्हायली! घरातली घागर उचलून आनली तिनं. भाऊ, अडवा तिले!"

बेबाबाई विहिरीच्या काठाशी पोचल्या होत्या. घागर शिंक्यात ठेवत होत्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि सरळ आबांकडे पाहून बोलल्या. मी पहिल्यांदाच त्यांचा मोठा आवाज ऐकला.

"मेलेल्याची घागर नही ही, मामंजी. जित्त्याची बी नही. विहिरीत मानूस कामाले असला का वरून पानी सोडतात का नही? मी रोज सोडायची. तुमीच सांगायचे, सोड व पानी, दमला तो. कामावरच्या मानसाले पानी द्याले काय आखाजी पाहावी लागते?"

आबांनी पुढे होऊन दोर धरला. मला वाटलं ओढून घेणार. पण ते सुनेच्या हातामागे हात लावून दोर सोडू लागले.

मी खोपीत धावलो. दोन काटे, मोकळी जागा. दोन काटे, मोकळी जागा. बाहेर कप्पी करकरत होती. मग कप्पी थांबली, आबांचा आवाज आला, "टेकली." त्याच क्षणी सुईही थांबली. दम घ्यायला थांबावी तशी नाही. काम टाकून उभी राहावी तशी. कागदावर सरळ रेघ निघू लागली. काटा नाही, आणि लाटही नाही. समुद्र कधीच गप्प नसतो, हो. तेवढा वेळ तो गप्प होता.

त्यांनी दोर ओढला. घागर हलकी वर आली. रिकामी. कुठे फुटली नव्हती, सांडल्याची ओल बाहेरून नव्हती. आतून मात्र ती कोरडी ठणठणीत होती, भट्टीतून आताच काढल्यासारखी.

"प्याले," बेबाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, रडत होत्या. "पाहा, पानी प्याले ते. मेलेला मानूस पितो काय?"

आबा खाली बसले. घागर मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला.

"आखाजीले मेलेलेच पितात, व माय," ते हळूच म्हणाले.

दोघं तसेच बसून राहिले, एकाच घागरीजवळ. बेबाबाईंच्या हातात बांगड्या होत्या. त्या आजही आहेत. आबा त्यांना काही म्हणाले नाहीत.

मला वाटलं, झालं, संपलं. त्या रात्री मी आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपलो.

दुसऱ्या दुपारी रुळाला नवा कागद लावला. बेबाबाई आल्या होत्या, तेल लावून, नीट बसून. सुई हलू लागली. आधी समुद्राची लाट आली आणि मला हायसं वाटलं. मग काटे आले. मी पाहत राहिलो. दोन, न् दम, असं ते नव्हतं. तीन येत होते, एक येत होता, मध्येच चार, लगेच पुन्हा एक. एकावर एक चढत होते. कुठे जड, कुठे घाईचे, कुठे थकलेले. रेघ राहिलीच नाही, कागद पांढरा होत गेला. कितीतरी हात. कोणाचा मेळ कोणाशी नाही. गलबतावर किती माणसं होती ते मला माहीत नव्हतं. आणि एकच गलबत कशाला...

"यात ते आहेत का, वहिनी?" मी विचारलं.

त्यांनी कागदावर नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. पाहत राहिल्या. त्यांच्या कपाळावरचा घाम कागदावर पडला आणि काजळीत गोल डाग उठला.

"नही," त्या म्हणाल्या. "एक बी त्यायचा नही."

मग काल पाणी कोण प्यालं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं घरी जातील, रडतील, बांगड्या फोडतील. त्या घरी गेल्या खऱ्या, पण थोड्या वेळाने पायवाटेने परत आल्या. डोक्यावर एकावर एक दोन घागरी, कमरेला तिसरी. उन्हात अनवाणी.

"वहिनी, नका सोडू," मी आडवा झालो. "कोण आहेत ते आपल्याला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहान मूल आहे आणि भलतंच विचारतो आहे.

"कोन्या ना कोन्या बाईचा मानूस असंन ना, भाऊ? तिच्या गावाले विहीर नसंन."

त्यांनी पहिली घागर शिंक्यात ठेवली. एकटीला जड जात होती, म्हणून मी दोराला हात लावला. काय करणार? कप्पी करकरू लागली. मी खाली पाहत नव्हतो, दोराकडे पाहत होतो. आदल्या दिवशी घागर तळाला टेकली तेव्हा दोर किती सुटला होता ते दोरावरच कळत होतं, त्या जागी अजून त्या दोघांच्या घामट हातांचा काळपट डाग होता.

तो डाग अजून कप्पीच्या अलीकडे, आमच्या पायांपाशी गुंडाळीतच होता. निम्मा दोर हातात असतानाच घागर टेकली, वजन गेलं आणि दोर सैल पडला.